वर्गणी देऊ, दंड देणार नाही

आमच्या वाडीच्या गावकीचे पंच आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी व सभासद यांना,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी रात्री धाकट्या काकांचा फोन आला. वाडीचा कारभार पाहणाऱ्या आणि दोन वर्षांपूर्वी आमचं घर वाळीत टाकणाऱ्या गावकीचा निरोप होता. भावाने देवळात येऊन नारळ ठेवावा, चुकलं म्हणून कागदावर लिहून द्यावं आणि ११ हजार भरावेत, म्हणजे गणपतीच्या आधी घर परत गावकीत घेऊ. २५ हजारांचे ११ हजार केलेत, आता ताणू नका, असं काका म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. ते आमचे सख्खे काका. त्यांचं घर आमच्या घरापासून तीस पावलांवर आहे, आणि दोन वर्षांत ते आमच्या ओटीवर चढलेले नाहीत. हा फोनसुद्धा त्यांनी तालुक्याच्या एसटी स्टँडवरून केला, वाडीतून नाही.

हे पत्र म्हणजे त्या निरोपाचं उत्तर. आईला, भावाला आणि वहिनीला मी ते वाचून दाखवलं आहे. उघडं लिहायचं कारण एवढंच की गावकीच्या बैठकीत मला, वहिनीला किंवा वाडीतल्या कुठल्याही बाईला तोंड उघडायला जागा नाही. आणि कोकणात वाळीत पडलेलं घर काही आमचं एकटंच नाही.

आधी गावकीचे माझ्यावरचे उपकार सांगते, म्हणजे ते विसरून मी बोलतेय असं कुणाला वाटायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा परळला गिरणीत होते आणि गावकीच्या खोलीत राहायचे. एवढ्याशा खोलीत वीस-बावीस माणसं, पाळ्यांप्रमाणे झोपणार, प्रत्येकाची एक ट्रंक. नवीन पोरगा गावाहून आला की पहिली नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही, हा तिथला नियम. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. बाबा मे महिन्यात ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. त्या पावसाळ्यात आमच्याकडे बियाण्याचेसुद्धा पैसे नव्हते. वाडीने आमची चारही खाचरं लावून दिली. कुणी बियाणं दिलं, कुणी बैल दिले, आणि कुणीही त्याचा हिशोब लिहून ठेवला नाही. पुढे मी आणि भाऊ ज्या वह्यांवर शिकलो, त्यांच्यावर मुंबई मंडळाचा शिक्का असायचा.

आज हेच आम्हाला ऐकवलं जातं: तुमच्या बापाला गावकीने जगवलं. खरं आहे, जगवलं. माझ्या आईने हे रोज देवासमोर बोलून दाखवलं आहे. पण ज्यांनी तेव्हा आमची खाचरं लावली, त्यांनी बाबांना असं सांगितलं नव्हतं की यापुढे तुझ्या सुनेने काय करायचं ते आम्ही ठरवू.

आता काय झालं ते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. गावकीने देवळात बसून ती बिनविरोध द्यायची ठरवली आणि कुणाला द्यायची तेही ठरवलं. जिला द्यायची तिला विचारलं नाही, तिच्या नवऱ्याला विचारलं. नारळावर हात ठेवून सगळ्यांकडून शपथ घेतली. वहिनीचं म्हणणं साधं होतं. वरच्या आळीला मार्चपासून पाणी नसतं, टाकी बांधून तीन वर्षं झाली, तिच्यात थेंब नाही, हे विचारणारं कुणीतरी पंचायतीत पाहिजे. तिने अर्ज भरला. मागे घे म्हणून तीनदा निरोप आले, तिने घेतला नाही. वहिनी पडली. तिला ६४ मतं मिळाली.

निकालानंतरच्या बैठकीत वहिनीला बोलावलं नाही. भावाला उभं केलं. ‘बायको ताब्यात ठेवता येत नाही का’ असं विचारलं आणि ठराव मोडला म्हणून २५ हजार दंड लावला. भाऊ म्हणाला, भरणार नाही. त्या रात्रीपासून आमचं घर वाळीत आहे.

त्या ६४ मतांबद्दल मला बोलायचं आहे. आमच्या घरातली मतं चार. उरलेली साठ माणसं याच वाडीतली. मशीनचं बटण दाबताना ती मोकळी होती आणि देवळात ती मान खाली घालून बसली. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण मीही हेच केलं आहे. मी सातवीत असताना वाडीने दुसऱ्या एका घराला वाळीत टाकलं होतं, बांधाच्या भांडणात कोर्टात गेले म्हणून. त्या घरची मुलगी माझ्या बाकावर बसायची. आईने सांगितलं आणि मी बाक बदलला. तिने मला काहीही विचारलं नाही, फक्त दप्तर सरकवून माझ्यासाठी ठेवलेली जागा भरून टाकली. ते कुटुंब पुढच्या वर्षी मुलुंडला गेलं, घराचे वासे काढून विकले. आज तिथे घाणेरी माजली आहे. ती मुलगी हे वाचत असेल तर तिची मी क्षमा मागते. ही क्षमा मागायला मला कुणी ११ हजारांची अट घातलेली नाही.

तक्रारी आता एकेक करून सांगते.

पहिली तक्रार दंडाचीच. उमेदवारी अर्ज भरणं हा अपराध कधीपासून झाला? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण गावाने आपसांत बसून जागांचा लिलाव केला होता. तिथेही देवळाचं नाव पुढे होतं. गावाने एकदिलाने एखाद्याला निवडून देणं वेगळं, आणि दुसऱ्या कुणी उभंच राहू नये म्हणून शपथा घालणं वेगळं.

दुसरी तक्रार लावणीची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागलेली आहे. रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावावं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या जुलैत आमचं रोप राबातच ४० दिवसांचं झालं, गुडघ्याच्या वर गेलं. पॉवर टिलरवाल्याने घेतलेले पैसे परत आणून दिले. सावडीला एक माणूस आला नाही. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे, ही सावड आमच्या घराने कधी चुकवलेली नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा भाऊ बारावं उरकून दुसऱ्या दिवशी तुमच्या चिखलात उतरला होता. शेवटी भाऊ, वहिनी आणि रजा टाकून गेलेली मी असे तिघंच लावायला लागलो. आई ७८ वर्षांची, तिला वाकता येत नाही. ती बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडून आमच्याकडे सरकवत होती. वरच्या वाटेने वाडीची माणसं आपापल्या सावडीला जात होती. लावणीत बांधाबांधांवरून हाका चालतात, कुणाचं किती झालं, न्याहारीला कुणाकडे काय आहे. आमच्या शेताशी आलं की ते बोलणं थांबायचं, पुढच्या वळणावर पुन्हा सुरू व्हायचं. आईने मान वर केली नाही. पण रात्री जेवताना तिने त्या वाटेने कोण कोण गेलं त्यांची नावं सांगितली, ओळीने, एकही न चुकता. पायांच्या आवाजावरून.

तिसऱ्या दिवशी बौद्धवाडीतून सात बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मजुरी किती म्हणून विचारलं तेव्हा त्यांच्यातली थोरली म्हणाली, मजुरी नको, आमची लावणी सोमवारी आहे, या. आम्ही गेलो. आपल्या गावकीने त्यांना कधी सावडीत घेतलं नाही, पालखी त्यांच्या दारात कधी नेली नाही. महाड आपल्यापासून लांब नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल माणसांची डोकी फुटली ती याच मुलखात. वाळीत टाकणं म्हणजे काय असतं, हे त्या सात जणींना समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घराला मात्र ते कळायला स्वतःवर पाळी यावी लागली, हे मी इथे लिहून ठेवते.

तिसरी तक्रार रोजच्या जगण्याची. दळणाचा डबा गिरणीतून जसाच्या तसा परत आला. दुकानात आम्हाला वाणसामान मिळत नाही, काडेपेटीसाठीही तालुक्याला जावं लागतं. आईला तापात ग्रामीण रुग्णालयात न्यायचं होतं तेव्हा वाडीतल्या तिन्ही रिक्षांनी पॅसेंजर आहे म्हणून सांगितलं, आणि तिन्ही रिक्षा देवळासमोर उभ्या होत्या.

चौथी, माझ्या भाचीची. ती नववीत आहे. तिच्या मैत्रिणी शाळेत तिच्याशी बोलतात, वाटेत बोलतात, वाडीची कमान आली की गप्प होतात.

पाचवी तक्रार मुंबई मंडळाबद्दल. वाडीतल्या माणसाची अडचण मला समजते. त्याला रोज त्याच विहिरीवर जायचं आहे, उद्या त्याच्याही घरात मयत होणार आहे, खांदा द्यायला माणसं लागणार आहेत. पण मंडळातल्या माझ्या काका-दादांनो, तुमचं काय? तुम्ही बँकेत आहात, महापालिकेत आहात, शाळेत शिकवता. डोंबिवली-विरारच्या सोसायटीत तुम्ही कुणाला मत दिलंत हे शेजाऱ्याला माहीत नसतं, तुमच्या मुलीने कुणाशी लग्न केलं म्हणून कुणी तुमचं दळण अडवत नाही. स्वतःसाठी तुम्हाला हे सगळं मोकळेपण हवं आहे आणि ते तुम्ही उपभोगता. गावात मात्र सगळं पूर्वीसारखं राहिलं पाहिजे, कारण तुम्हाला वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, तिथे पूर्वीसारखं वाटून घ्यायचं असतं. त्या पूर्वीसारखं वाटण्याची किंमत माझी वहिनी भरते. ठराव वाडीत झाला, पण आम्हाला ग्रुपमधून काढलं ते तुम्ही, वार्षिक हळदीकुंकवाच्या यादीतून माझं नाव खोडलं ते तुम्ही. तुमच्यातल्या एकाने तरी फोन उचलून पंचांना विचारलं असतं की हे काय चाललंय, तर दंडाची पावती फाडताना त्यांचा हात थबकला असता. पंच तुमच्या शब्दाला मान देतात. देवळाच्या जीर्णोद्धाराचे निम्मे पैसे तुमचे आहेत.

पंच म्हणतात, एकी मोडली तर वाडी राहणार नाही. हायवेच्या बाजूने जमिनींचे दलाल फिरताहेत, आज एकाला मोकळं सोडलं तर उद्या चार जण सातबारे विकतील. ही भीती खोटी नाही, मलाही ती आहे. पण याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरीला १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटलांच्या मागे पंचवीस गावं उभी राहिली, सहा-सात वर्षं खोतांची शेतं पडीक ठेवली, माणसं लाकूडफाटा विकून जगली आणि फुटली नाहीत. ती एकी कुळांच्या हक्कासाठी होती. खोताच्या वाड्यावर दंड भरायचा, नाक घासायचं आणि मग कसायला जमीन मिळवायची, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलं आहे. देवळात नारळ ठेवून, माफीचा कागद देऊन, पैसे भरून गावकीत परत यायचं, ही रीत आपण कुणाकडून उचलली ते एकदा आठवून पाहा. आणि दलालांचं म्हणाल, तर दोन वर्षांत आमच्याकडे चार वेळा दलाल येऊन गेले. वाळीत पडलेल्या घराची जमीन स्वस्तात मिळते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. भावाने चारही वेळा त्यांना ओटीवरून परत पाठवलं.

कायद्याचंही बोलते. २६ वर्षं मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, त्यामुळे हे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही त्यात येतो. गुन्हा दखलपात्र आहे. भाऊ एकदा पोलीस ठाण्यात जाऊन आला, तिथे ‘आपसांत मिटवा’ म्हणून सांगितलं. त्याने लेखी तक्रार दिली नाही, कारण ज्या पंचांचं नाव लिहायचं त्यांनी बाबांना खांदा दिला होता.

मंडळातले एक वकील सभासद म्हणतात, आपल्या माणसाला बाहेर काढायचा समाजाला हक्क आहे, सुप्रीम कोर्टाचा १९६२ चा निकाल आहे. आहे. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर चार विरुद्ध एक मताने रद्द झाला, आणि ते एक मत सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. त्या निकालाचा आधार धार्मिक संप्रदायाने आपला धर्मकारभार चालवण्याच्या हक्काचा होता, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला आहे. आमच्या वहिनीने पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं, त्यात कुठला धर्म बुडाला?

आता पैशांचं. पालखीची, उत्सवाची, जीर्णोद्धाराची वर्गणी आमच्या घराने एकही वर्ष थकवलेली नाही. वाळीत पडल्यावर पहिल्याच शिमग्याला भाऊ १,५०० रुपये घेऊन गेला, खजिनदारांनी हात लावला नाही. आपल्या छापील पावतीवर तीन रकाने आहेत: वर्गणी, देणगी, इतर. दंड ‘इतर’मध्ये लिहितात. आमच्या नावाची २५ हजारांची पावती त्याच पुस्तकात तयार ठेवली होती, भावाने ती स्वतः पाहिली. मी वाडीची आहे म्हणून वर्गणी देते, आनंदाने देते, आणखी मागा, आणखी देईन. दंड मात्र आमच्या घरातल्या बाईने स्वतःच्या मनाने एक काम केलं म्हणून मागताहात. तो २५ हजार असो, ११ हजार असो की ११ रुपये, आम्ही देणार नाही.

आमच्या मागण्या अशा. बहिष्काराचा ठराव रद्द करा, तो रद्द झाल्याचं गावकीच्या वहीत लिहा, देवळाच्या फळ्यावर लावा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. आमच्याकडून माफीनामा मागू नका. आम्हीही तुमच्याकडून मागत नाही. गेल्या दहा वर्षांत ज्या घरांकडून दंड घेतला, त्याचा हिशोब बैठकीत वाचून दाखवा आणि पैसे परत करा. देऊळ, पालखी, पाणंद, स्मशानाची शेड, सावड, आजाऱ्याला रुग्णालयात नेणं हे गावकीने जरूर पाहावं, त्यात आम्ही सगळ्यांच्या पुढे असू. मत कुणाला द्यायचं, कुणी उभं राहायचं, लग्न कुणाशी करायचं, कोर्टात जायचं की नाही, यावर गावकीने यापुढे ठराव करू नये. बैठकीला बायकांनाही बोलवा, बसायला नाही, बोलायला आणि मत द्यायला. बौद्धवाडीचा प्रश्नही त्या बैठकीत घ्या. तो आमच्या घराच्या प्रश्नाहून जुना आणि मोठा आहे. मुंबई मंडळाने यातलं काय मान्य आहे ते लेखी कळवावं, मौन धरू नये.

गौरी विसर्जनापर्यंत वाट पाहू. त्यानंतर भाऊ आणि वहिनी २०१६ च्या कायद्याखाली लेखी तक्रार देतील, बैठकीला हजर असलेल्यांच्या नावांसह. पाठीमागून काही करायचं नाही म्हणून हे आधीच सांगते.

भाच्याचं लग्न मे महिन्यात झालं. मांडवात वाडीतलं एकही माणूस नव्हतं. सूनबाईचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सुपं पूजायची रीत, या गौरींना आहे, तिच्या माहेरहून सुपं आली आहेत. रीतीप्रमाणे एक सूप थोरल्या पंचांच्या घरी जायचं, कारण आपल्या भावकीचं मूळ घर ते. १९८२ च्या पावसात आमच्या पहिल्या खाचरात उतरली ती त्याच घरातली आजी होती. सूनबाई सूप घेऊन तुमच्या दारी येईल, मी तिच्याबरोबर असेन. सूप घ्या, तिची ओटी भरा. आणि खजिनदार काका, दोन वर्षांच्या वर्गणीचे ३,००० रुपये मी सोबत आणतेय. पावती पहिल्या रकान्यात फाडा, आमच्या घराच्या नावाने.

तुमचीच,
वाडीची एक लेक